मांडणीवरची भांडी खडखडली, म्हणजे खाली काय झालं?

पाटण तालुक्यात धक्का बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "धरणामुळे झाला का?" याचं खरं उत्तर "अर्धं हो" असं आहे.

कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय 1962 च्या सुमारास भरू लागला आणि परिसरात हादरे जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 रिश्टरचा भूकंप झाला आणि कोयनानगर उद्ध्वस्त झालं. 1985 पासून वारणेचा जलाशय भरू लागला, तसे काही धक्के दक्षिणेकडे सरकले. तरी आजवरचे बहुतेक धक्के साधारण 30 किलोमीटर लांब आणि 20 किलोमीटर रुंद पट्ट्यातलेच आहेत.

खडकातला ताण पाण्याने आणलेला नाही. भारतीय भूपट्ट उत्तरेला तिबेटवर रेटतो आहे आणि त्याचा दाब दख्खनच्या खडकांतही साठलेला आहे. जुन्या प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात. जलाशयाचं वजन त्यांच्यावर पडतंच, पण जास्त काम करतं ते झिरपणारं पाणी. भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंची पकड सैल होते आणि आधीच सरकायला टेकलेला खडक सरकतो. हा दाब खाली पोचायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून धरण भरलं त्याच दिवशी धक्का बसेल असं नाही. पावसाळा संपता संपता आणि पुढे हिवाळ्यात धक्के वाढलेले दिसतात. पाणी किती वेगाने चढलं, किती उंच गेलं आणि तिथे किती दिवस टिकलं, या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. कोयना परिसरातल्या गोठणे गावी 3 किलोमीटर खोल विंधण घेतलं, तेव्हा काळा पाषाण सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला. बहुतेक धक्के या खालच्या खडकातले असतात.

धरण नसलं तरी असं होतं. पालघरमध्ये धुंदलवाडी परिसरात नोव्हेंबर 2018 पासून धक्क्यांची रांग लागली. त्यात एक मोठा आणि मागून लहान असा क्रम नव्हता, लहान-मध्यम धक्केच एकामागून एक येत राहिले. भेगांत मुरलेल्या पावसाच्या पाण्याकडे तिथेही अभ्यासकांनी बोट दाखवलं आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा, कळमनुरी भागात लोक जमिनीतल्या गूढ आवाजाबद्दल विचारतात. उथळ भूकंपाच्या पहिल्या लहरी वेगाने कंप पावतात. जमिनीचा पृष्ठभाग ढोलाच्या पानासारखा थरथरतो, आणि सेकंदाला 20 पेक्षा जास्त कंपनं असली की ती कानाला ऐकू येतात. धक्का फार लहान असेल तर पायाला काही कळत नाही, फक्त गडगड ऐकू येते. आवाज सुरुंगाचा की भूकंपाचा, याचा अंदाज वेळेवरून येतो: खाणीतला सुरुंग बहुधा दिवसा, ठरलेल्या वेळी उडतो. भूकंपाला वेळेचं बंधन नसतं. पहिला "धप्प" आणि नंतरचं जोरदार हलणं यांत जितके सेकंद जातील त्यांना 8 ने गुणा, केंद्राचं अंतर ढोबळमानाने किलोमीटरमध्ये मिळतं. भांडी शांत आहेत आणि पंखा मात्र संथ झुलतोय, तर केंद्र लांब आहे आणि भूकंप मोठा आहे.

एक समजूत मात्र धोक्याची आहे: "लहान धक्क्यांनी ताण निघून जातो, हे बरंच आहे." रिश्टरच्या एका अंकाला ऊर्जा सुमारे 32 पटीने वाढते. म्हणजे 6 रिश्टरच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला 4 रिश्टरचे सुमारे हजार धक्के लागतील. किल्लारीला 1992 मध्ये लहान धक्के येऊन गेले होते, तरीही 30 सप्टेंबर 1993 ची पहाट टळली नाही.

तिथे जीव घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदावरच्या मातीच्या ओझ्याने. अशा भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन थरांमध्ये नुसता चुरा भरलेला असतो. दर हादऱ्याने तो खाली बसतो आणि भिंत पोटातून फुगते. धक्के वारंवार येणाऱ्या गावात दर काही महिन्यांनी ओळंबा लावून ही फूग तपासावी. नवी भिंत बांधताना दर 2 फूट उंचीला आणि आडवे 4 फुटांच्या आत आरपार दगड घालावेत. खिडक्या-दारांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा, दोन सळयांचा काँक्रीटचा पट्टा हवाच. तो कोपऱ्यात तुटला तर निरुपयोगी. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून जे-हुक लावा. छतावरच्या 1000 लिटरच्या भरलेल्या टाकीचं वजन एक टन असतं, ती कच्च्या भिंतीवर नको.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग नुसत्या गिलाव्याची आहे की भिंतीची, हे गिलावा खरवडून पाहा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. पुढच्या धक्क्यानंतर भेग खुणेपुढे गेली असेल, तर त्या खोलीत झोपणं थांबवून अभियंत्याला बोलवा.

धक्का जाणवला की राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या 'भूकंप' (BhooKamp) अ‍ॅपवर नोंद करा: वेळ, गाव, कितव्या मजल्यावर होता, काय हललं, आवाज आधी आला की नंतर. काहीच पडलं नसेल तर तेही लिहा. धक्का कुठवर जोरात पोचला, हे त्याच नोंदींवरून ठरतं.