सात युनिट

महावितरणचा मेसेज येतो तेव्हा इकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, सकाळचे सात-साडेसात झालेले असतात. डबे भरायची गडबड, बाहेर अंधार नाहीतर पाऊस, बरेचदा दोन्ही. मेसेज मी उघडतही नसे, कारण त्यात काय असणार ते ठरलेलं. पुण्यातल्या आमच्या बंद घराचा विजेचा वापर: शून्य युनिट. शून्य युनिटलाही बिल येतं, कारण ‘स्थिर आकार’ म्हणून एक रक्कम असते. हा शब्द मला फार आवडतो. रिकाम्या घराचं वर्णन दोन शब्दांत करायचं तर याहून चांगले शब्द सापडणार नाहीत. कधीतरी तीन-चार महिन्यांनी शून्याच्या जागी एक युनिट दिसायचं. मीटर म्हातारा झालाय, अडखळत असेल, असं म्हणून मी सोडून द्यायचे.

घर सिंहगड रस्त्यावर आहे. नव्वदच्या दशकातली सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. 2023 च्या दिवाळीनंतर आम्ही इकडे आलो, तेव्हा एजंट म्हणाला होता, “भाड्याने देऊ नका मॅडम. रिकामं असलं की लवकर जातं.” भाड्याने द्यायचं तर अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, त्याची नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, आणि रात्री दोन वाजता गीझर गळतोय म्हणून फोन. त्यापेक्षा रिकामं बरं, असं आम्हालाही वाटलं. ‘लवकर’ म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आई तेव्हाच म्हणाली होती, “सारखं विकायचंय, विकायचंय करू नका. वास्तू तथास्तु म्हणत असते.” यावर माझा मुद्दा असा की, म्हणते ना तथास्तु? मग विकलं जायला हवं होतं. मी रोज म्हणत होते. आई आता नाशिकला ताईकडे असते, त्यामुळे हा वाद फोनवर चालतो आणि रेंज गेली की सुटतो.

रिकामं घर म्हणजे कुलूप लावलं आणि विसरलं, ही माझी कल्पना पहिल्या उन्हाळ्यातच मोडली. भरलेल्या घराचं जेवढं करावं लागतं त्याच्या दुप्पट रिकाम्याचं करावं लागतं, आणि तेही दुसऱ्याच्या हातून. मोरीच्या जाळीखाली नाहणी ट्रॅप असतो. त्यात नेहमी थोडं पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास, झुरळं त्या पाण्यामुळे पलीकडेच थांबतात. घरात कुणी आंघोळ करत नसेल तर एप्रिल-मेमध्ये ते पाणी उडून जातं. मग वास खोलीभर, आणि त्यामागून झुरळं अशी येतात की जणू ताबा त्यांनाच मिळालाय. हे मला पस्तीस वर्षं घरात राहून कळलं नव्हतं. सात हजार किलोमीटरवर आल्यावर कळलं. बाल्कनीत कबुतरं. बेडरूमच्या भिंतीतल्या कपाटाला वाळवी, तीही नेमकी प्लायच्या आतून, म्हणजे बाहेरचं सनमायका एकदम सुरेख आणि दार उघडलं की भुगा.

हे सगळं मला सांगायचे ते समोरचे काका. किल्ली त्यांच्याकडे. कागदोपत्री अधिकार मात्र माझ्या मावसभावाकडे. ते कुलमुखत्यारपत्र करायला मी एक दिवस रजा टाकून हेगला आपल्या वकिलातीत गेले, सही-शिक्का घेतला, कागद कुरियरने पुण्याला पाठवला, आणि तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं म्हणून भावाला चार वेळा आठवण केली. एवढा अधिकार मिळूनही माझा भाऊ घराकडे अडीच वर्षांत दोनदा फिरकला. त्यातल्या एकदा त्याला खालीच पार्किंग मिळालं नाही. आणि काकांकडे एक कागद नाही, फक्त गोदरेजच्या कुलपाची किल्ली आणि तिला बांधलेली लाल नाडी. दर शनिवारी ते दार उघडायचे, दोन्ही मोऱ्यांत तांब्याभर पाणी ओतायचे, कमोडचा फ्लश ओढायचे, नळ सोडून बघायचे, कबुतरांना शिव्या द्यायचे. मग मला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर्व ठीक’ असा मेसेज. तारखेसकट, कारण ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत.

गिऱ्हाइकं येत होती. एजंटच्या भाषेत ‘पार्टी’. एका पार्टीला दार दक्षिणेला आहे हे दार उघडायच्या आधीच कळलं, त्यामुळे त्यांनी आत येण्याचे कष्ट घेतले नाहीत. एक जोडपं दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलं, तिथे दम खात थांबलं, आणि बाई म्हणाल्या की आपण खालूनच अंदाज घेऊ. ज्यांना घर आवडलं त्यांना मी आवडले नाही. कारण मी अनिवासी. भारतात राहणाऱ्या माणसाकडून घर घेतलं तर खरेदीदाराने एक टक्का कर कापायचा, तोही किंमत 50 लाख किंवा त्याच्या पुढे असली तर. माझ्याकडून घेतलं तर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि ते सगळं वेगळ्या फॉर्मांत भरायचं. कमी कर कापण्याचा दाखला मला प्राप्तिकर खात्याकडून काढता येतो, हे मी त्यातल्या एका गृहस्थांना फोनवर वीस मिनिटं समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “ताई, तुम्ही परत आलात की सांगा.”

आणि पाणी. सिंहगड रस्त्यावर घर बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “पाणी येतं का?” पूर्वी याचा अर्थ एकच होता: नळाला. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि एकतानगरीच्या सोसायट्यांमध्ये ते शिरलं. लोकांना बोटींतून काढावं लागलं. मी इथे ऑफिसात बसून मराठी वाहिन्यांचे व्हिडिओ बघत होते, ओळखीची दुकानं निम्मी बुडालेली. आमची सोसायटी तिथून चढावर आहे, तिसरा मजला आहे, रिकामं घर आहे, भिजणार काय, भिंती? तरी दिवसभर पोटात गोळा होता. काकांचा मेसेज संध्याकाळी आला: ‘आपल्याकडे पाणी नाही. नळालाही नाही.’ तेव्हापासून पार्टीने पाणी येतं का विचारलं की कोणतं, हे आधी विचारावं लागतं. काका दोन्हींचं खरं उत्तर देतात. नदीचं येत नाही. नळाचं सकाळी सव्वासहाला येतं, तिसऱ्या मजल्यावर बारीक धार.

एजंटचं म्हणणं होतं की अशाने घर विकलं जाणार नाही. “मॅडम, काकांना जरा गावाला पाठवा दोन महिने.” मी हसून सोडून दिलं.

आम्ही राहतो ते गाव दिव्यांचं. आधी इथे काडेपेट्यांचे कारखाने होते आणि 1891 मध्ये बल्ब करण्यासाठी फिलिप्स कंपनी इथेच सुरू झाली. गावाला अजून ‘लिख्तस्टाड’, दिव्यांचं शहर, म्हणतात आणि दर नोव्हेंबरमध्ये ग्लो नावाचा रोषणाईचा उत्सव असतो. डच लोक संध्याकाळी पडदेही ओढत नाहीत. हिवाळ्यात पाचला अंधार पडतो आणि रस्त्याने चालताना दोन्हीकडे उजळलेली घरं आरपार दिसतात: कुणी भाज्या चिरतंय, कुणी मांजराला दटावतंय. सुरुवातीला मला चोरून बघितल्यासारखं वाटायचं. मग सवय झाली. पण घरी येऊन दिवा लावला की हटकून मनात यायचं, आपलं घर अंधारात आहे. आमच्या लहानपणी लग्नाला, गावाला, कुठेही गेलो तरी आई शेजारी सांगून जायची, “तिन्हीसांजेला तेवढा दिवा लावा हो.” मी काकांना ते सांगितलं नव्हतं. एवढं करताहेत, वर आणखी काय सांगायचं.

इथल्या रिकाम्या घरांची गोष्टच वेगळी. पूर्वी रिकामी घरं फोडून त्यात राहायला जाणाऱ्यांची इथे मोठी चळवळ होती. 1 ऑक्टोबर 2010 पासून कायद्याने त्याला बंदी आली. पण त्या भीतीतून एक सोय निघाली, ती टिकली: ‘अँटिक्राक’. इमारत रिकामी असेल तर मालक एखाद्या कंपनीमार्फत तिथे माणसं ठेवतो. शाळा असो, चर्च असो, जुनं ऑफिस असो. ती माणसं थोडक्या पैशांत राहतात, जागा जागती ठेवतात, आणि सांगितलं की थोड्या दिवसांच्या मुदतीत निघून जातात. माझी एक सहकारी बंद शाळेच्या पाचवीच्या वर्गात राहायची. फळा तसाच. त्यावर ती वाणसामानाची यादी लिहायची. मला त्या कल्पनेचं फार कौतुक वाटलं. आपल्याकडे हे कुणाला सुचलं का नाही, असंही मी तिला म्हणाले. 2011 च्या जनगणनेत आपल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी निघाली होती. त्या मोजणीत आमचं घर नव्हतं, तेव्हा आम्ही पाच जण त्यात होतो आणि गणकबाईंना आईने पोहे खाऊ घातले होते.

तर, गेल्या वर्षी एप्रिलचं बिल आलं. सात युनिट.

मी मेसेज उघडला, मग अ‍ॅप उघडलं, मग मीटरच्या रीडिंगचा फोटो मोठा करून बघितला. सात. पुढच्या महिन्यातही सात. माझ्या डोक्यात जे काही येऊन गेलं ते इथे लिहीत नाही. वायर कुणीतरी जोडून घेतली इथपासून मावसभावाने मित्राला राहायला दिलं इथपर्यंत सगळं. भाऊ म्हणाला, “मला तर किल्ली कुठंय तेही माहीत नाही,” आणि हे शंभर टक्के खरं होतं. मग मी हिशोब मांडला, कारण नवरा इंजिनिअर आणि सवय संसर्गजन्य. सातातलं फ्रिजला काहीच लागत नाही, फ्रिज विकला. गीझर असता तर आकडा मोठा असता. 75 वॅटचा पंखा रोज तीन तास चालला, तर महिन्याला होतात पावणेसात युनिट.

म्हणजे आमच्या बंद घरात रोज तीन तास कुणीतरी पंखा लावत होतं.

काकांना फोन केला तर ते म्हणाले, “अगं, मी सांगणारच होतो. बिल मी भरीन म्हणत होतो.” त्यांच्या घरी मुलगा आणि सून दोघंही घरून काम करतात. दोन खोल्यांत दोन मीटिंगा. दुपारी काकांना खोकायचीसुद्धा चोरी. नातवाची शाळा सुटली की तिसरी मीटिंग. म्हणून काका जेवण झालं की पेपर, चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन समोर आमच्याकडे जाऊ लागले. तिथे आमचा जुना दिवाण आहे, जो कुणीच विकत घेतला नाही. त्यावर पडायचं, पेपर मोठ्याने वाचायचा, डोळा लागला तर लागला. काकी मागून ओरडून म्हणाल्या, “ऑफिसला जातात हे! दोन ते पाच! सुट्टीपण घेत नाहीत!”

मी म्हटलं, अहो काका, विचारायचं काय त्यात. ते म्हणाले, “तुझ्या काकीचं एक बरं आहे, तिने कधी विचारलंच नाही.”

“म्हणजे?”

म्हणजे काकी आम्ही गेल्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमचं दार उघडून हॉलमधला छोटा दिवा लावत होत्या. तासाभराने बंद करायच्या. नऊ वॅटचा एलईडी, तासभर. महिन्याला जेमतेम पाव युनिट. तीन-चार महिन्यांनी बिलात एक युनिट दिसायचं ते हे. मी उगाच मीटरला म्हातारं म्हणत होते.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ काही सुचेना. शेवटी मला जे सुचलं ते एवढंच की दिवाणावरची गादी आता जुनी झाली असेल. पैसे पाठवू का विचारलं तर काका रागावले. पंख्याचा कंडेन्सर मात्र बदलायला हवा म्हणाले, हळू फिरतोय. विकायला काढलेल्या घराच्या पंख्याला मी इथून कंडेन्सर बदलून घेतला. नवऱ्याने त्या खर्चाला आमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात टाकायचं म्हणून विचारलं. ‘देखभाल’ म्हटलं.

किंमत आम्ही दोनदा उतरवलीय. परवा एजंटचा फोन आला, एक चांगली पार्टी आहे, दक्षिणेचं दार चालतं, जिना चालतो, अनिवासीही चालते. रविवारी येणार. मी लगेच काकांना कळवलं.

“येऊ दे की,” काका म्हणाले. “फक्त दोन ते पाच नको म्हणावं.”