डाव्या पॅनलची तिरकी चुणी अखेर गेली

गेली, आणि पूर्ण गेली. पहाटे सगळं दवाने ओलं असताना पाहिलं, भर दुपारी ऊन डोक्यावर असताना पाहिलं, आणि मगच हे लिहायला घेतलं. आमच्या बोटीच्या कॉकपिटला, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेला, मी नवं एन्क्लोजर शिवतोय: वर कमानींवर कापडी छत आणि भोवती पारदर्शक व्हिनाइलचे पडदे. मागच्या वेळी काम इथे अडलं होतं: छत झकास बसलेलं, पुढचे दोन्ही पडदे सरळ, उजवी बाजू ताठ, आणि विंडशील्डच्या मागचं डावं पॅनल मात्र काही केल्या ऐकत नव्हतं. वरच्या पुढच्या कोपऱ्यातून निघून खालच्या मागच्या कोपऱ्याकडे उतरणारी एक लांब चुणी, आणि तिच्या दोन्ही अंगांना व्हिनाइलला झोळ. नेमकं तिथूनच धक्क्याला लागताना पाहावं लागतं, म्हणून ‘चालतंय’ म्हणून सोडून देणं मला मान्य नव्हतं. नवं एन्क्लोजर करण्याचं निम्मं कारणच स्वच्छ दिसावं हे आहे.

पहिला संशय शिलाईवर होता. या खेपेला बाहेरच्या सगळ्या टिपा पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या, दोऱ्याने मारल्या आहेत. हा दोरा उन्हाने कुजत नाही, कापड विरलं तरी टीप टिकते. पॉलिएस्टर दोरा कापडाआधी जातो हे जुनं छत उसवताना हाताने ओढून पाहिलं, बोटांच्या ताकदीने तुटत होता. पण पीटीएफई निसरडा आहे आणि मशीनवर त्याचा ताण ठरवायला वेळ लागतो. ताण जास्त झाला तर शिवण आखडते. मात्र आखडलेल्या शिवणीच्या चुण्या बारीक असतात, टिपेला आडव्या असतात आणि टिपेपासून फार दूर जात नाहीत. ही चुणी पॅनलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. म्हणजे दोरा निर्दोष.

दुसरा संशय चेनवर. १० नंबरची व्हिस्लॉन, म्हणजे जाड प्लॅस्टिक दातांची, चेन शिवताना वरचा थर खालच्यापेक्षा सरकला तर पॅनलची एक कड लांब आणि एक आखूड होते. दोन्ही थर एकत्र सरकवणाऱ्या वॉकिंग फूट मशीनवर हे सहसा होत नाही, आणि आधी दुहेरी चिकटपट्टीने चेन बसवून घेतली असेल तर नाहीच होत. तरी दोन्ही कडांच्या जुळणीच्या खुणा तपासल्या. सगळ्या जागच्या जागी.

मग राहिलं व्हिनाइल. ०.७५ मिमी म्हणजे ज्याला आपण ३० गेज म्हणतो तेच. गारव्यात आखडतं, उन्हात सैल पडतं, हे सगळ्यांना माहीत. पण इथे उलटं चाललं होतं. चुणी पहाटे जास्त आणि दुपारी कमी. गार व्हिनाइल आखडून ताठ व्हायला हवं, तर तेव्हाच झोळ सगळ्यात मोठा. या एका गोष्टीने माझी झोप उडवली होती, आणि उत्तर शेवटी तिच्यातूनच मिळालं.

कापडाची चुणी ताणाच्या दिशेने पडते. पॅनल ज्या दोन टोकांना ओढलं जातं त्या टोकांना जोडणारी रेघ म्हणजे चुणी, आणि तिला काटकोनात असलेली दिशा म्हणजे सैलावलेली बाजू. वर-पुढून खाली-मागे चुणी, म्हणजे तो कर्ण ओढला जातोय आणि दुसरा कर्ण दाबला जातोय. चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतोय. पॅनल तर चौकोन म्हणूनच बेतलेलं. मग चौकोन मोडतोय कुठे? टेप घेतली आणि पॅनल काढून नुसत्या मोकळ्या जागेचे दोन कर्ण मोजले. बरोबर. पुढचे पडदे चेनने लावले आणि पुन्हा मोजले. एक कर्ण जवळजवळ दोन सेंटिमीटरने वाढलेला. मग पडदे काढून आधी डावा, मग उजवा असे लावले. नंतर क्रम उलटा केला. क्रम बदलला की आकडाही बदलला!

दोष सांगाड्यात होता. आमच्या छताच्या कमानी डेकवरच्या बिजागऱ्यांवर उभ्या आहेत आणि पुढून-मागून नायलॉनच्या पट्ट्यांनी ताणलेल्या आहेत, बहुतेक बोटींवर असतात तशाच. पट्टी ओढ सहन करते, दाब नाही. पुढचे पडदे लावले की ते कमान पुढे खेचतात; पुढची पट्टी ढिली पडते, मागची लांबते, आणि जी बाजू आधी लावली ती जास्त पुढे जाते. सांगाडा पिळला जातो, खिळखिळ्या झालेल्या खाटेसारखा. त्यात नायलॉन ओलं झालं की आणखी लांबतं. पहाटे दवाने भिजलेल्या पट्ट्या, म्हणून पहाटे चुणी मोठी. दुपारी पट्ट्या वाळल्या की चुणी लहान. व्हिनाइलचा यात काडीचा संबंध नव्हता.

खात्री करायला मागच्या पट्ट्यांच्या जागी दोन लाकडी पट्ट्या क्लॅम्पने आवळल्या, कमान जागच्या जागी रोखली, आणि तेच पॅनल लावलं. एक टाका न उसवता चुणी नाहीशी झाली. तो क्षण मी बराच वेळ जपून ठेवणार आहे. एवढ्या महिन्यांच्या मेहनतीत इतकं समाधान दुसऱ्या कशाने दिलं नाही.

आता लाकडाच्या जागी ३१६ स्टेनलेसच्या नळ्या आल्या आहेत, २५.४ मिमी व्यासाच्या, म्हणजे कमानींच्याच मापाच्या. वरच्या टोकाला जॉ स्लाइड (कमानीवर सरकणारी पकड), खालच्या टोकाला झटकन निघणारी पिन, म्हणजे छत दुमडायचं असेल तर पिन काढली की झालं. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी एक आग्रहाची सूचना. पट्टीचा आयलेट (डेकवरची कडी) फक्त ओढ घेतो. नळीची बैठक ओढ आणि दाब दोन्ही घेते आणि लाटेगणिक दिशा बदलते. त्यामुळे जुन्या भोकांत नुसते स्क्रू पिळून भागणार नाही. आरपार बोल्ट, डेकखाली आधाराला बॅकिंग प्लेट. डेक सँडविचचं, म्हणजे दोन कडक थरांमध्ये हलका गाभा असलेलं, असेल तर भोक मोठं करून आतला गाभा थोडा कोरायचा, इपॉक्सीने भरायचा, वाळल्यावर पुन्हा छेदायचं. जेलकोटला (डेकच्या वरच्या चकचकीत थराला) वरून हलकी खोलगट कड द्यायची, नाहीतर तडे जातात. आणि बैठकीखाली ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी. कडक होणाऱ्या सीलंटपेक्षा या जागी मला ब्यूटिल कितीतरी भरवशाची वाटते, कारण बैठक हलली तरी ती तुटत नाही.

यावरून एक मत पक्कं झालं आहे. नवं एन्क्लोजर करताना जुन्या पॅनलवरून बेतू नका. जुनं व्हिनाइल वर्षानुवर्षं आखडलेलं असतं, जुनं कापड जिथे ताण होता तिथे वाढलेलं असतं, आणि सांगाड्याचा सगळा वाकडेपणा त्या पॅनलमध्ये मुरलेला असतो. सांगाडा आधी अचल करा, छत चढवा, ते पूर्ण ताणा, आणि मगच बाजूच्या पडद्यांसाठी पॅटर्नची फिल्म (माप उतरवून घ्यायचं प्लॅस्टिक) लावा. फिल्मही आतून जाळी असलेलीच घ्या. साधं प्लॅस्टिक हाताबरोबर ताणलं जातं आणि मग माप कशाचं आलं हे कळत नाही. शेजारच्या दोन फिल्म्सवरून आरपार जाणाऱ्या खुणा वीतभर अंतराने मारल्या की पुढे चेन बसवताना विचार करावा लागत नाही.

दुसरी सुखाची गोष्ट छोटी आहे. विंडशील्डच्या वरच्या कडेला जुन्या एन्क्लोजरला टिचबटणं होती. दोन बटणांच्या मधे कापड उचललं जायचं आणि पावसात नेमकं तिथून पाणी आत. आता पूर्ण लांबीची रेल बसवली आहे आणि पडद्याच्या कडेला नेफा करून त्यात गोल दोरी घातली आहे. पडदा एका टोकाने रेलमध्ये सरकवला की सलग पकड मिळते. होसपाइपने समोरून पाणी मारलं, डॅशबोर्ड कोरडा. रेल सरळ भागात सहज बसली. कोपऱ्याच्या वळणावर लवचीक प्लॅस्टिकची रेल वापरावी लागली आणि तिथे दोरी थोडी अडते. सुकं सिलिकोन फवारल्यावर बरीच सैलावली.

आता सांगाडा हलत नाही म्हटल्यावर डोकं पुढे धावू लागलं आहे. मूळ बेत मधल्या पुढच्या खिडकीलाही ३० गेजच लावायचा होता. पण अचल चौकटीत कडक तावदान बसवता येतं, आणि २ मिमीच्या पॉलिकार्बोनेटचं वजन चौरस मीटरला २.४ किलोच भरतं, त्यामुळे वर बिजागरीसारखी चेन ठेवून ते छताखाली टांगून ठेवता येईल. तापमानाने तेही वाढतं-आखडतं, पण मीटरभर लांबीला ३० अंशांच्या फरकाने साधारण २ मिमी, आणि तेवढं कापडाची कड सहज पचवते. वरून दिसतं अगदी काचेसारखं. ओरखड्यांसाठी कडक लेप असलेलं घ्यायचं आणि अमोनियाचा क्लीनर त्याच्या जवळपासही न्यायचा नाही, हे व्हिनाइललाही लागू आहेच.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट आठवली आणि बेत पुन्हा हलला. सुकाणूवर मी पोलराइज्ड गॉगल घालतो. पॉलिकार्बोनेटमध्ये साचलेला ताण पोलराइज्ड काचेतून रंगीत पट्ट्यांसारखा दिसतो. पाण्यावरची चमक कापायला घातलेल्या गॉगलातून समोर इंद्रधनुष्य दिसणार असेल तर काय उपयोग? कास्ट ॲक्रिलिकमध्ये हे जवळजवळ दिसत नाही, पण ते ठिसूळ, आणि दुमडणाऱ्या छताखाली टांगलेलं तावदान कधीतरी आपटणारच. तेव्हा तूर्त मधल्या खिडकीसाठी ४० गेज, म्हणजे १ मिमीचं, दाबून चकचकीत केलेलं व्हिनाइल शीट. रोलवरच्या व्हिनाइलपेक्षा त्यातून दिसणारं चित्र किती स्थिर असतं हे ज्यांनी दोन्ही शेजारी धरून पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. पॉलिकार्बोनेटचा एक तुकडा मागवून गॉगल लावून पाहीन, मग शेवटचं ठरवीन.

शीट मागवण्यावरून एक तक्रार मात्र आहे. एका विक्रेत्याने मागचं शीट घडी घालून खोक्यात पाठवलं. घडीची रेघ उन्हात ठेवूनही पूर्ण गेली नाही, आणि परत घ्यायला त्यांनी नकार दिला. तेव्हापासून मी ऑर्डरमध्येच लिहून घेतो: नळीवर गुंडाळलेलं आणि दोन्ही बाजूंना संरक्षक कागद असलेलं असेल तरच स्वीकारणार. एवढी साधी काळजी न घेणाऱ्याकडून पुन्हा काही घेणार नाही. साठवतानाही हेच: पॅनल गुंडाळायचं, मधे मऊ कापड, आणि गारठ्यात अजिबात वाकवायचं नाही.

जिथे व्हिनाइल नळीला टेकतं तिथे या वेळी आतून कापडाची पट्टी शिवली आहे. तापलेल्या स्टेनलेसने व्हिनाइलवर तपकिरी पट्टा उमटतो आणि तो कधीच निघत नाही. जुन्या पडद्यांवर प्रत्येक कमानीची आकृती तशी उमटली होती. कडांचा गोट सरळ भागात सरळ पट्टीचा, गोलाईत उरेब पट्टीचा; गोलाईत सरळ पट्टी वापरली की ती उभी राहते आणि पाणी धरते.

मागच्या बाजूचं काम अजून कापायलाही घेतलेलं नाही, आणि तिथे एका गोष्टीवर मी तडजोड करणार नाही. एन्क्लोजर जितकं घट्ट, तितका कार्बन मोनॉक्साइडचा धोका मोठा. पुढे जाणाऱ्या बोटीच्या मागे कमी दाबाचा कप्पा तयार होतो आणि एक्झॉस्टचा धूर उलटा कॉकपिटमध्ये ओढला जातो. सगळं बंद करून फक्त मागचा पडदा उघडा ठेवणं ही सगळ्यात वाईट स्थिती. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि डोकेदुखी सुरू झाली तर माणूस ती लाटांवर ढकलतो. म्हणून पुढच्या मधल्या खिडकीची चेन यू आकाराची करून ती पूर्ण वर गुंडाळता येईल असं बेतलं आहे, हवा पुढून येऊन मागे जाईल. कॉकपिटमध्ये डिटेक्टरही लावतोय. ४० गेज शीट गुंडाळायला ३० पेक्षा जड जातं, त्यामुळे गुंडाळीचा व्यास मोठा धरून वरचे पट्टे लांब ठेवावे लागतील.

मागच्या पडद्यांना नळ्यांमुळे एक नवी अडचण आली आहे: नळी नेमकी शिडीच्या वाटेत उतरते. बैठक हातभर पुढे सरकवली तर कोन उभा होतो आणि आधार कमी होतो. पडद्यात नळीभोवती खाच ठेवली तर पाणी येतं. सध्या विचार असा आहे की शिडीच्या बाजूची नळी पडद्याच्या आतून न्यायची आणि तिच्याशी समांतर तिरकी चेन द्यायची, म्हणजे दाराचा पडदा त्रिकोणी उघडेल. कागदावर काढून पाहिलं तर चांगलं दिसतंय. वळणाच्या जागी व्हिस्लॉनऐवजी कॉइल चेन (गुंडाळलेल्या तारेसारख्या दातांची) वापरेन, ती वळते छान. पुढच्या आठवड्यात फिल्म लावून पाहतो. कोणी तिरक्या दाराचा पडदा केला असेल तर चेनचा स्लायडर उघडल्यावर वर थांबतो की खाली, आणि पावसात कोणती बाजू बरी पडते, ते नक्की कळवा.