शाळेत झालेली केमिस्ट्री मेडिकलला चालते का?

जुलैत एपीचा, म्हणजे अमेरिकेत शाळेतच देता येणाऱ्या कॉलेजच्या तोडीच्या परीक्षेचा, निकाल लागला आणि त्याच रात्री डॅलसहून मावसभावाचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी तो पुण्याहून तिकडे गेला. मुलीला बायोलॉजी आणि केमिस्ट्री, दोन्हींत पाचपैकी पाच. त्याचा आनंद आवाजातच कळत होता. "ताई, म्हणजे आता कॉलेजात हे दोन विषय नकोतच ना? डॉक्टर व्हायचंय तिला. एक वर्ष तर वाचलंच!"

मी मनापासून अभिनंदन केलं आणि म्हटलं, "थांब, घाई करू नकोस. आम्ही यातून गेलोय." मग तासभर जे बोलले तेच इथे लिहितेय, कारण हा प्रश्न मला पुण्या-मुंबईहूनही वरचेवर येतो.

आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस. इथे अमेरिकेत शाळा संपली की आधी चार वर्षांची पदवी, तीही कुठल्याही विषयात चालते, आणि मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. मात्र पदवी करताना काही ठरावीक विषय पदरात पाडून घ्यावे लागतात. साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी वर्षभर, तेही प्रॅक्टिकलसकट. शिवाय बायोकेमिस्ट्री, कुठे स्टॅटिस्टिक्स, कुठे इंग्रजी. यांना प्रीरेक्विझिट म्हणतात. एमकॅट ही प्रवेशपरीक्षा वेगळीच.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास. मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा होते, गुण १ ते ५. चार-पाच मिळाले की बरीच विद्यापीठं त्या विषयाचं क्रेडिट देतात, म्हणजे तो कोर्स झाला असं धरतात. गोम इथेच आहे. क्रेडिट देतं विद्यापीठ, पण मेडिकल स्कूलने ते मानावं अशी सक्ती कुणावरच नाही. एमडी (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) देणारी दीडशेहून जास्त मेडिकल स्कूल इथे आहेत आणि प्रत्येकाचा नियम आपापला. कुणी एपी सरळ मान्य करतं. कुणी म्हणतं, चालेल, पण त्याच विषयातला वरचा कोर्स कॉलेजात करून दाखवा. कुणी गणिताला चालवून घेतं, पण बायोलॉजी-केमिस्ट्रीला नाही. आणि थिअरी मान्य झाली तरी लॅबचं काय, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी उरतोच.

माझ्या लेकीला केमिस्ट्रीत पाच आणि बायोलॉजीत चार मिळाले होते. कॉलेजच्या ॲडव्हायझरने सांगितलं, तुझी जनरल केमिस्ट्री झाली, सरळ ऑरगॅनिक घे. तिने पहिल्याच सत्रात घेतलं. वर्गातली बाकीची मुलं वर्षभर कॉलेजची केमिस्ट्री करून आलेली, आणि ही अठरा वर्षांची, नुकतं घर सोडलेली. बी ग्रेड आली. ऑरगॅनिकला एपी नाहीच, त्यामुळे त्या वर्गातली ग्रेड सगळी मेडिकल स्कूल पाहतात. उलट एपीच्या क्रेडिटला ग्रेड नसते, म्हणून त्या पाच गुणांनी तिच्या विज्ञानाच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, काडीचीही भर पडली नाही. त्या डिसेंबरच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा दोन दिवस फारसं बोललीच नाही. मला अजून आठवलं की पोटात कालवतं.

दुसरा धक्का तिसऱ्या वर्षी बसला. अर्जाची तयारी म्हणून तिने ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजचं गुणपत्रक, छापून आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं. सगळ्यात वर एकच ओळ होती : ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, २० क्रेडिट. कुठला विषय, कुठला कोर्स, काही नाही. एपी मानणाऱ्या बहुतेक मेडिकल स्कूलना विषयाचं नाव आणि त्याची क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर दिसावी लागतात. ती त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, यात माझी केमिस्ट्री कुठंय?" रजिस्ट्रारच्या ऑफिसात अर्ज, ईमेल, पुन्हा अर्ज करत तीन आठवड्यांनी विषय सुटे लिहून मिळाले.

तोवर तिने स्वतःच वाट काढली होती. बायोलॉजी तिने पहिल्या वर्षीच लॅबसकट पुन्हा केली होती. केमिस्ट्रीची भरपाई म्हणून ॲनॅलिटिकल केमिस्ट्री आणि पुढे बायोकेमिस्ट्री घेतली. ॲनॅलिटिकलच्या लॅबमधून आली की ती फोनवर टायट्रेशनबद्दल भरभरून बोलायची. ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्यायचा, धुवायचा, आणि तो फिकट गुलाबी रंग टिकतो का ते बघत बसायचं. मी बारावीला सांगलीत हेच केलं होतं. हा हात परीक्षेतल्या पाच गुणांनी येत नाही, करूनच येतो. एवढं करूनही यादीतली दोन मेडिकल स्कूल सोडावी लागली, कारण त्यांना जनरल केमिस्ट्री कॉलेजातच केलेली हवी होती.

म्हणून भावाला म्हटलं, एएएमसी या अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची एमएसएआर नावाची यादी आहे, थोडे पैसे भरून उघडते, त्यात प्रत्येक मेडिकल स्कूलचा एपीचा नियम मिळतो. ती आत्ताच बघ. तुमच्या टेक्सास राज्यातल्या सरकारी मेडिकल स्कूलचा अर्ज टीएमडीएसएएस या राज्याच्या वेगळ्या अर्जव्यवस्थेतून जातो. तिथे एपी साधारणपणे चालतं, पण विद्यापीठाने कोणत्या कोर्सचं किती क्रेडिट दिलं ते ट्रान्सक्रिप्टवर लिहिलेलं हवं. आणि लेक राज्याबाहेर अर्ज करणार असेल तर टेक्सासचा नियम पुरणार नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा शालेय अभ्यासक्रम करणाऱ्यांनाही हेच लागू. भारतातून थेट इथल्या मेडिकलचं स्वप्न बघणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं, ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्या विद्यार्थ्यांना बरीचशी मेडिकल स्कूल घेतच नाहीत.

शेवटी भाचीने स्वतःच फोन घेतला. "आत्या, बायोलॉजीचं क्रेडिट ठेवते आणि जेनेटिक्स, फिजिऑलॉजी असे वरचे कोर्स घेते. केमिस्ट्रीचं सोडते, पहिल्यापासून करते. चालेल ना?"

"चालेल. बाबांना मी सांगते," म्हटलं. ऑगस्टमध्ये तिचं कॉलेज सुरू होतंय. क्रेडिट चढली की ट्रान्सक्रिप्टचा फोटो पाठवायचं तिने कबूल केलंय. बायोलॉजी नावानिशी लिहिलीय ना, ते मी स्वतः बघणार आहे.