लासलगावचा कांदा आणि एम.ए. अर्थशास्त्राचा प्रकल्प

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या महाविद्यालयांत एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प असतो. विषय लासलगाव बाजारातला कांदा घ्यायचा असेल, तर सगळ्यांत मोठा निर्णय पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागतो: लाल कांदा (खरिपाचा) की उन्हाळ (रब्बीचा, उन्हाळ्यात निघणारा)? दोन्ही एकत्र करून काढलेला निष्कर्ष तोंडी परीक्षेत टिकत नाही.

आकडे अॅगमार्कनेटवर, म्हणजे बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर, फुकट मिळतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण अशा तीन भावांपैकी सर्वसाधारण भावच घ्यावा. किमान-कमालची सरासरी काढली, तर एखाद्या खराब ट्रॉलीचा भावही आकड्यात येऊन बसतो. भाव रुपये प्रतिक्विंटल आणि आवक टनांत असते. बाजार समितीचे आकडे मात्र बहुधा क्विंटलमध्ये असतात, त्यामुळे दोन्ही जोडताना दहापटीचा फरक राहून जातो.

लिलाव बंद असलेल्या दिवसाची जागा रिकामी ठेवा, शून्य भरू नका. शून्याचा लॉग (लॉगॅरिदम) निघत नाही आणि सरासरीही घसरते. रोजच्या आकड्यांपेक्षा आठवड्याचे बरे. भाव साधी सरासरी न घेता आवकेने भारित करून काढा, म्हणजे जास्त आवकेच्या दिवसाला जास्त वजन द्या. पाच वर्षांची तुलना असेल, तर महागाईचा परिणाम काढण्यासाठी भावाला घाऊक किंमत निर्देशांकाने भागून १०० ने गुणा. महिन्यांचे डमी (तो महिना असेल तर १, नसेल तर ० असे चल) ११ च घ्या. १२ घेतले की ग्रेटल हे सॉफ्टवेअर एक आपोआप वगळतं आणि कोणता वगळायचा हे तुमच्या हातात राहत नाही.

खरी अडचण पुढे आहे. भावाचं आवकेवर रिग्रेशन केलं, म्हणजे आवक बदलली की भाव किती बदलतो हा गुणांक काढला, की बहुतेक जण त्याला मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते) म्हणून मोकळे होतात. उन्हाळ कांद्याच्या बाबतीत ते चूक आहे. तो कांदाचाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) महिनोन्महिने राहतो. भाव वाढला की शेतकरी चाळ फोडतो आणि आवक वाढते, म्हणजे आवकच भावावर अवलंबून. मग तो गुणांक ना मागणीचा, ना पुरवठ्याचा. लाल कांदा फार टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. त्यामुळे त्याची आठवड्याची आवक बरीचशी भावाशिवाय ठरते आणि गुणांकाला अर्थ येतो. तरीही तो लवचिकतेचा व्यस्त असतो, हे परीक्षक विचारतातच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वेळ कमी असेल तर लाल घ्या. उन्हाळ घ्यायचाच असेल, तर साठवणुकीच्या निर्णयावर प्रकल्प करा, लवचिकतेवर नको.

धोरणाच्या तारखा वेगळ्या नोंदवा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क आलं, त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी लागली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. हा सगळा काळ एकाच डमीत कोंबला, तर शुल्क आणि बंदी यांचा परिणाम वेगळा करता येत नाही. २०२३-२४ चा लाल कांद्याचा हंगाम नेमका बंदीत सापडला, हे तक्त्याखाली लिहाच.

शेतकऱ्यांची मुलाखत लिलावाआधी घेऊ नये. तेव्हा कुणाचं लक्ष नसतं आणि भाव अंदाजाने सांगितला जातो. वजन होऊन हिशोबपट्टी (विक्रीची पावती) हातात आल्यावर विचारा. पट्टीवरची वजावट उतरवा, गाडीभाडं वेगळं विचारा, कारण लिलावात पुकारलेला भाव म्हणजे हातात पडलेली रक्कम नव्हे.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या मराठी फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते, आणि ती बहुधा बाइंडिंगच्या दुकानातच कळते.