पहिलं एअर पिस्तूल घेताना

सांगली-साताऱ्यात नव्याने नेमबाजीला लागलेल्याचं पहिलं पिस्तूल 10 मीटर स्पर्धेचं, दाबाच्या हवेवर चालणारं एअर पिस्तूलच असावं. 4.5 मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूलच्या आतली शक्ती असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, आणि स्पर्धेचं पिस्तूल जेमतेम 5-6 ज्यूलचं असतं. पॉइंट टू-टूसाठी, म्हणजे .22 इंची काडतुसाच्या पिस्तुलासाठी, जिल्हाधिकारी कचेरीतून परवाना काढावा लागतो. तो विचार पुढे.

‘कुठल्या कंपनीचं घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. वॉल्थर, स्टायर, मोरिनी, पार्दिनी यांपैकी कुठलंही चांगल्या स्थितीतलं पिस्तूल नवशिक्याच्या हातापेक्षा कितीतरी अचूक असतं. खरा फरक ग्रिपचा, म्हणजे लाकडी मुठीचा. पिस्तूल पकडून डोळे मिटा, हात नेमाला न्या, डोळे उघडा. पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) मागच्या खाचेत मधोमध दिसायला हवी. दर वेळी ती एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर मनगट वळवून सरळ करू नका. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 छर्रे मारायचे असतात; मनगट दमलं की मूळ जागी परततं आणि छर्रे कडेला जातात. ग्रिपचा कोन बदला किंवा दुसऱ्या मापाची ग्रिप लावून बघा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर यावा आणि बोटाची कड लाकडाला टेकू नये. टेकली, तर ट्रिगरसोबत अख्खं पिस्तूल ढकललं जातं. हात आणि ग्रिपमध्ये पोकळी राहिली तिथेच लाकडाच्या पुट्टीचा पातळ थर द्या. मनगट मात्र मोकळं राहिलं पाहिजे, तसा नियमच आहे.

नियमात वजन 1500 ग्रॅमपर्यंत चालतं, पण बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आखूड नळीचं हलकं मॉडेल द्या. ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, असा नियम आहे. बरोबर 500 वर ठेवला तर जरा सरकला तरी तपासणीत नापास होतो, म्हणून 510-520 वर लावावा.

आता हवा. पिस्तुलाला जोडलेला हवेचा छोटा सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरतात. ही हवा कुठे भरून मिळेल हे पिस्तूल घेण्याआधी रेंजवर विचारा. आपल्याकडे ही सोय गल्लोगल्ली नाही. हातपंप चालतो, पण थांबून थांबून मारावा, नाहीतर पंप तापतो; शिवाय पावसाळ्यात दमट हवेतलं पाणी आत जातं, म्हणून ओलावा शोषणारा फिल्टर हवाच. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो: मिरजेत दवाखान्यांमुळे ऑक्सिजनचे सिलिंडर सहज दिसतात, तो ऑक्सिजन पिस्तुलात कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन तेल-ग्रीसला लागला की पेट घेतो, स्फोट होतो. फक्त कोरडी, शुद्ध हवा. एप्रिल-मेमध्ये भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका, दाब वाढतो.

जुनं घेत असाल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. बनवल्यापासून 10 वर्षं झाली की तो वापरातून काढायचा असतो, आणि नव्या सिलिंडरचा खर्च किमतीत धरायला हवा. 200 बार भरून रात्रभर ठेवा. सकाळी दाबाचा काटा ठळक उतरलेला असेल तर गळती आहे, बहुधा ओ-रिंगची, म्हणजे जोडातल्या रबरी कड्याची. मग पिस्तूल टेकवून 10 मीटरवर सपाट तोंडाचे पाच छर्रे मारा. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं असतं. पाचही त्यात बसले पाहिजेत. नाही बसले तर दुसऱ्या डब्यातले छर्रे मारून बघा, कारण 4.49 आणि 4.50 मापांतही फरक पडतो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर छान असतो, पण पहिल्या पिस्तुलाला मेकॅनिकल बरा. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. तिथे मदतीला माणसं होती. आपल्याकडे सुटा भाग बाहेरून मागवायचा तर सराव आठवडेच्या आठवडे बंद पडतो. म्हणून रेंजवर ज्या मॉडेलची दोन-तीन पिस्तुलं आधीच आहेत आणि ज्याच्या ओ-रिंग कोचकडे मिळतात, ते मॉडेल घ्या.