गोखले संस्थेचे ग्रंथालय

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० सालची. तिचे ग्रंथालय मात्र तिच्याहून पंचवीस वर्षांनी वडील आहे. अशा ग्रंथालयांतले जुने छापील खंड जागा अडवतात, म्हणून ते निकाली काढावेत, अशी एक सूचना आहे; तिच्या निमित्ताने हे लिहीत आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापला, तेव्हाच हा संग्रह सुरू झाला. त्यामागे गोखल्यांचा स्वतःचा अनुभव असणार, असे मला वाटते. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना आणि १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. खजिन्यातली शिल्लक ही सुबत्तेची नव्हे, तर रुपयाचा भाव घसरला म्हणून वाढवलेल्या आणि तो सावरल्यावरही न उतरवलेल्या करांची खूण आहे, असे त्यांनी दाखवून दिले. अशा युक्तिवादाला वक्तृत्व पुरत नाही, मागच्या वीस-तीस वर्षांचे अहवाल हाताशी लागतात.

पुढे साताऱ्याच्या रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून संस्था उभी राहिली आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. गाडगिळांनी तालुक्यांच्या व शहरांच्या पाहण्या करवल्या, वाई तालुक्यातील शेतीची पाहणी त्यांपैकीच एक. पाहणी आजची स्थिती सांगते. ती सुधारली की खालावली हे ठरवायचे तर जुने जमाबंदीचे (शेतसारा ठरवण्याचे) अहवाल, जिल्ह्यांची माहिती देणारे गॅझेटियर आणि खानेसुमारीचे (जनगणनेचे) खंड उघडावेच लागतात.

अर्थशास्त्राच्या ग्रंथालयाचे वेगळेपण मला इथेच दिसते. गाजलेली पुस्तके कुठेही मिळतात (आणि अनेकदा न वाचताच परत जातात), पण अंदाजपत्रके, चौकशी समित्यांचे अहवाल, संयुक्त राष्ट्रांची प्रकाशने यांची किंमत त्यांच्या सलगतेत असते. मधली दोन वर्षे गहाळ झाली, तर मालिकाच लंगडी पडते. शिवाय आकड्यांच्या व्याख्या बदलतात: १९६१ आणि १९७१ च्या जनगणनांमध्ये ‘कामकरी’ कोणाला म्हणायचे याची कसोटी बदलली आणि कामकरी स्त्रियांची नोंदलेली संख्या एकदम घटली. केवळ तक्ता पाहणारा त्यावरून भलताच निष्कर्ष काढील. छापील खंडातील व्याख्या वाचणारा थबकेल. संगणकावर आज तक्ते सहज उतरवून घेता येतात, व्याख्यांची पाने मात्र पुष्कळदा त्यांच्यासोबत येत नाहीत, म्हणून जागा अडवणारे हे खंड निकाली काढण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे.