आमची वाटचाल : नक्षीचे पन्नास, पोटातले एकशे तीस

बंगल्यापुढच्या स्टॅम्प काँक्रीटला, म्हणजे ओल्या काँक्रीटवर साच्याने नक्षी उठवलेल्या अंगणाला, आम्ही सध्या चौरस फुटाला साधारण 180 रुपये लावतो, कर वेगळा. त्यात नक्षी, रंग आणि वरचं सीलर (रंग-नक्षी राखणारा पारदर्शक लेप) यांचे मिळून पन्नास. उरलेले एकशे तीस जमिनीच्या पोटात जातात : खोदाई, मुरूम, जाळी, काँक्रीट, उतार. गिऱ्हाईक मात्र मोबाइलवर फोटो घेऊन येतं, आणि फोटोत दिसतात ते फक्त पन्नास. ते एकशे तीस समजावून सांगायला शिकणं, हीच आमच्या फर्मची खरी वाटचाल.

वडील कोब्याचे, म्हणजे काँक्रीटच्या फरशीचे, ठेकेदार. नाशिकच्या सातपूर आणि अंबड एमआयडीसीत शेडच्या फरशा, पुढे ट्रिमिक्स (जादा पाणी यंत्राने ओढून घेतलेलं काँक्रीट), हे त्यांचं काम. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली लागलो. स्टॅम्पच्या मॅट पहिल्यांदा पाहिल्या त्या पुण्याजवळच्या एका मोठ्या वसाहतीत. आमच्याकडे तिथलं पार्किंगचं काम होतं आणि शेजारच्या पायवाटेवर दुसरी टीम रबरी मॅट अंथरून ओल्या काँक्रीटवर दगडाची नक्षी उठवत होती. ही कला कॅलिफोर्नियातली. ब्रॅड बोमन नावाच्या माणसाने 1950च्या दशकात ती रुजवली. तेव्हा धातूचे साचे असायचे, रबरासारख्या मॅट नंतर आल्या. वडिलांनी ती टीम काम करताना बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी कोबाच ना?" होय, कोबाच. आणि कोबा आम्हाला येत होता, म्हणून तर धाडस केलं.

2013 साली फर्म सुरू केली तेव्हा आमच्याकडे एकाच नक्षीच्या मॅट होत्या, चौकोनी-आयताकृती फरशी रचल्यासारख्या. गिऱ्हाईक गोल दगड मागायचं, लाकडाच्या फळ्या मागायचं, आम्ही नाही म्हणायचो. एका नक्षीला सात-आठ मॅट, शिवाय भिंतीलगत वाकवता येईल अशी एक पातळ मॅट, एवढा संच लागतो. तो महाग पडतो आणि प्रत्येक नव्या नक्षीचा भार शेवटी दरावरच चढतो. आजही आमच्याकडे चारच नक्ष्या आहेत. अल्बममध्ये तीस डिझाइन दाखवणाऱ्याला एक विचारा : यातल्या किती मॅट तुमच्या स्वतःच्या आहेत?

पहिला धडा सिंहस्थाने दिला. 2015च्या कुंभमेळ्याआधी नाशकात रस्त्यांची कामं जोरात होती. खडी, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), मिक्सरच्या गाड्या, सगळं तिकडे वळलेलं. चार महिन्यांपूर्वी दिलेला दर आणि त्या दिवशीचा दर यांचा मेळ बसेना. तेव्हापासून कोटेशनखाली मुदत लिहितो : तीस दिवस. आता 2027चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे पंधराच दिवस.

खरं शिक्षण मात्र निफाड तालुक्यात झालं. द्राक्षबागायतदारांचे बंगले, पुढे मोठी अंगणं, आणि हातात पैसा येतो तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, माल गेल्यावर. म्हणजे आमचं काम नेमकं उन्हाच्या तोंडावर आणि पावसाच्या घाईत. वरून काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर थेट टाकलेला चार इंची स्लॅब कितीही देखणा असला तरी तिच्याबरोबर हलतोच. त्यामुळे तिथे फूट-दीड फूट माती उचलायची, सहा-सहा इंचांच्या थरात मुरूम भरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. कडक मुरमाच्या जमिनीत या कामाला आम्ही चौरस फुटाला 35 रुपये धरतो. काळ्या मातीत तो आकडा दुपटीवर जातो. म्हणून जागा पाहिल्याशिवाय आम्ही फोनवर दर सांगत नाही. लोकांना राग येतो. "भाऊ, अंदाजे तरी सांगा ना!" अंदाजे सांगितलेला आकडाच मग घरात पक्का होऊन बसतो.

एक हिशेब मांडतो, कारण असे हिशेब आम्ही आता प्रत्येक घरी बसून मांडतो. एका काकांना बंगल्यापुढचं सगळं अंगण, 1,000 चौरस फूट, स्टॅम्प करून हवं होतं. हातात दीड लाख. वडिलांच्या काळापासून मुरूम पडून पडून त्यांची जागा पक्की झालेली होती, म्हणजे पोटाचा खर्च नेहमीचाच. तरी 180 च्या दराने 1,80,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 2,12,400. काका म्हणाले, "जाडी तीन इंच करा, जाळी काढून टाका, बसवा दीड लाखात." त्यांच्या अंगणातून औषधाचा ट्रॅक्टर आणि मालाचा टेम्पो रोज जाणार होता.

आम्ही जाडी वाढवली आणि नक्षी कमी केली. ओटीपुढची 300 चौरस फूट जागा, जिथे संध्याकाळी खुर्च्या पडतात आणि पाहुणे बसतात, तेवढीच स्टॅम्पची, चार इंच : 54,000. टेम्पोची वाट 450 चौरस फूट, साधं काँक्रीट, वरून झाडू मारून खरखरीत केलेलं, पण सहा इंच जाड. साध्या चार इंचीचे 130 आणि वाढीव दोन इंचांचे साधारण 25, मिळून 155 चा दर, म्हणजे 69,750. दोन्हीची बेरीज 1,23,750, करासह 1,46,025. उरलेली अडीचशे फूट जागा त्यांनी मुरूम-खडीची ठेवली, पुढे हिरवळ लावायची म्हणून. शिल्लक राहिलेल्या चार हजारांत वाटेखालून आडवे दोन पीव्हीसी पाइप टाकले, रिकामे.

त्या रिकाम्या पाइपांवर मी नेहमी हटून बसतो. बोअरची केबल, गेटच्या मोटरची वायर, कॅमेरा, बागेची ठिबकची नळी, यातलं काहीतरी पुढे निघतंच. साधं काँक्रीट फोडून पुन्हा भरता येतं. स्टॅम्प केलेल्या स्लॅबला एकदा ब्रेकर लागला की ठिगळ जन्मभर दिसतं. तोच रंग, तीच गोणी, तोच कारागीर असला तरी छटा जुळत नाही. काही हजारांचा पाइप नको म्हणणारे लोक लाखाचं काम फोडायला बोलावतात.

काँक्रीटचा हिशेबही सांगून ठेवतो. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. काकांची 300 फूट चार इंची जागा बरोबर एक ब्रास, वाट सव्वादोन ब्रास, एकूण सव्वातीन, म्हणजे नऊ घनमीटरच्या थोडं वर. रेडीमिक्सच्या, म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट आणणाऱ्या, सहा घनमीटरच्या गाडीत हे दोन खेपांना येतं आणि दुसरी गाडी निम्मी रिकामी असते. रेडीमिक्सवाले त्या रिकाम्या जागेचेही पैसे लावतात. म्हणून कामाचं माप ठरवताना गाडीचं मापही पाहावं. कधी पन्नास फूट वाढवणं परवडतं, कधी शेजाऱ्यांचं काम त्याच दिवशी घेणं.

रंगाचं सांगायचं तर कलर हार्डनरची (ओल्या काँक्रीटवर उडवायची रंगीत पावडर, जिने वरचा थर कडकही होतो) 25 किलोची गोणी साधारण 70 चौरस फुटांना पुरते. तीच गोणी सव्वाशे फुटांवर पसरवता येते, पहिल्या दिवशी कुणाला कळतही नाही. दर दहा रुपयांनी उतरतो. दुसऱ्या उन्हाळ्यात चाकांच्या रेषेत खालचा राखाडी रंग वर येतो. दोन कोटेशनं शेजारी ठेवाल तेव्हा दर बघण्याआधी किती गोण्या लिहिल्यात ते बघा. लिहिल्याच नसतील तर विचारा.

कामाच्या दिवशी सगळं मामांच्या हातात असतं. मामा म्हणजे आमचे मुख्य मिस्त्री, वडिलांच्या वेळचे. काँक्रीट ओतून, पट्टा मारून, गुरमाळा फिरवून झाला की हार्डनर मुठीने उडवायचा, तोही दोन वेळा, एक उभा आणि एक आडवा. मग रिलीज पावडर, म्हणजे मॅट चिकटत नाही आणि दगडांच्या सांध्यात गडद सावली उतरते. त्यानंतर वाट बघणं. मामा कडेला उकिडवे बसतात आणि अंगठा दाबून बघत राहतात. ठसा उमटला पाहिजे पण अंगठ्याला लगदा लागता कामा नये. ही वेळ आली की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो, "टाका", आणि मग कुणी चहाकडे बघत नाही. मॅट ओळीने पडतात, पोरं त्यांच्यावर उभी राहून ठोकणी मारतात, मागची मॅट उचलून पुढे. एप्रिलमध्ये ही संधी फार तर तास-दीड तासाची असते, म्हणून पहाटे पाचला गाडी मागवतो आणि उन्हाआधी मोकळे होतो. हिवाळ्यात उलट. निफाडची थंडी महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथे डिसेंबरात काँक्रीट आवळायलाच तयार नसतं आणि सहा माणसं शेकोटीशी रात्री उशिरापर्यंत बसून असतात. त्यांची हजेरी चालूच असते. गिऱ्हाईक विचारतं, थंडीत मजुरी जास्त का? हे त्याचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी कटर फिरवतो, आठ-दहा फुटांवर, इंचभर खोल. यावरून हमखास बोलणी खातो. "एवढी छान नक्षी, आणि मधोमध रेघ मारली?" काँक्रीट सुकताना आक्रसतं, त्याला तडा जाणारच. तो कुठे जावा एवढंच आपल्या हातात आहे. मामा शक्यतो नक्षीच्या सांध्यातूनच कट नेतात, पण दरवेळी जमतं असं नाही.

पाण्याचाही खर्च धरा. साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) दहा, आणि कडक उन्हात त्याहून जास्त दिवस ओल टिकवावी लागते. मेमध्ये विहिरीने तळ गाठलेला असेल तर हे पाणी टँकरचं असतं, आणि ते आमच्या दरात नसतं. तसं ठळक लिहून देतो.

कराबद्दल दोन शब्द. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, आणि त्या आठवड्यात आमचा फोन थांबेना : आता दर किती उतरला? आमच्यासारख्या नोंदणी असलेल्याला सिमेंटवर भरलेल्या कराची वजावट आधीही मिळतच होती, त्यामुळे आमच्या 180 मध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही. सिमेंट स्वतः आणून देणाऱ्याला फरक पडतो. हजार फुटांच्या चार इंची कामाला पासष्ट-सत्तर गोण्या लागतात. पूर्वी 400 ला मिळणारी गोणी, कपात पूर्ण उतरली तर, 370 च्या आसपास येते. म्हणजे दोन हजार वाचले. चांगलंच आहे, पण दोन लाखांच्या कामात दोन हजारांसाठी साइटवर गोण्या मोजत बसायचं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कच्च्या बिलावर आम्ही काम करत नाही. त्यापायी काही कामं गेली, जातात.

शहरातल्या बंगल्यांना वेगळंच दुखणं. गंगापूर रोड, इंदिरानगर, कुठेही जा, समोरचा रस्ता दर डांबरीकरणाला थोडा वर येतो आणि एक दिवस पावसाचं पाणी गेटमधून आत येऊ लागतं. उतार गेटकडे द्यायचा की बाजूच्या चेंबरकडे, हे काम ठरवण्याआधी बघावं. फुटाला पाव इंच उतार आम्ही धरतो. वीस फुटांत पाच इंच होतात, आणि तेवढी उंची पोर्चच्या बाजूला मिळत नसेल तर गेटजवळ आडवी जाळीची गटार हाच मार्ग. तिचा खर्च वेगळा.

आणखी एक ओळ मी कोटेशनमध्ये घातली, जिच्यामुळे काही लोक तिथूनच परत गेले : दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा सीलर, आजच्या भावाने चौरस फुटाला 15 ते 20 रुपये. हजार फुटांना पंधरा-वीस हजार. हे नको असेल तर स्टॅम्प करू नका. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर चकचकीत सीलरचा आग्रह धरू नका. त्यात घसरण रोखणारी पावडर मिसळून मागा. चमक थोडी जाते.

काही ठिकाणी आम्ही स्वतःच नाही सांगतो. ड्रेनेजची लाइन अजून पडायची आहे, शेजारी प्लॉटवर बांधकाम होणार आहे, भराव नवा आहे आणि एकही पावसाळा पाहिलेला नाही, अशा जागी पेव्हर ब्लॉक लावावेत. उचलता येतात, पुन्हा बसवता येतात, आणि स्वस्तही. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या फार्महाउसवर तर पहिला पावसाळा जाऊ द्या म्हणून मी हात जोडतो. कोकणातून चौकशी आली की जांभा सुचवतो. तिथे तो शोभतो आणि गवंड्यांच्या हातातही बसलेला आहे.

जून ते सप्टेंबर उघड्यावरचं काम बंद असतं. ताज्या रंगावर एक सर पडली की सगळं वाया. त्या चार महिन्यांत मॅट धुऊन सावलीत ठेवणं, शेडमधले कोबे आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या जागा बघून येणं चालतं. सीलरचं काम मात्र जमीन कोरडी झाल्यावर, दिवाळीनंतर. वडील आता साइटवर येत नाहीत, पण कोटेशन जाण्याआधी त्यांच्या डोळ्यांखालून जातं. ते नक्षीचं पान उलटतात आणि आधी मुरमाची ओळ वाचतात.